विद्येची शिदोरी

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर एका नव्या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर असे ते नाव होते. या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट आणावे लागे. वर्गात ते इतरांपासून दूर अंथरावे लागे आणि सायंकाळी गुंडाळून पुन्हा घरी न्यावे लागे. कारण शाळेचा झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली, तर शिपायाने वरून पाणी ओतावे आणि याने ओंजळीने प्यावे. शिपाई जागेवर नसेल, त्या दिवशी तहान तशीच सोसावी. हाच मुलगा अवघ्या तेरा वर्षांनी सातासमुद्रापलीकडे जाऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने पुढे सारे जग त्यांना ओळखू लागले. एवढ्या लांबच्या प्रवासाला लागणारी शिदोरी त्यांनी कोठे आणि कशी बांधली, ही कथा प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखी आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करात होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले होते. ते कबीरपंथी होते. त्यांच्या घरी रोज भजन होई, संतांचे अभंग म्हटले जात आणि रामायण-महाभारताचे वाचन होई. मुलांचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजी स्वतः त्यांना शिकवीत. हॉवर्डची क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावांकडून चांगल्या घोटून घेतल्या. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द कोणता, हे शोधण्याची सवय भीमरावांना या वयातच जडली.

तथापि भीमराव जन्मतःच अभ्यासू होते, असे मात्र नाही. बालपणी त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा खेळात आणि हुंदडण्यातच अधिक असे. मुंबईच्या गिरण्यांत साताऱ्याकडच्या मुलांना काम मिळते, असे त्यांच्या कानी आले होते. आपणही पळून जावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु प्रवासाला पैसे कोठून आणावे? घरात त्यांची आत्या मीराबाई असे. आईच्या मागे तिनेच या मुलांना मायेने सांभाळले होते. तिच्या कमरेला पैशाची लहानशी पिशवी असे. तीच लांबवावी असे भीमरावांनी ठरविले. तीन रात्री जागून काढल्या, पण ते साधले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतात, तो आत अवघा अर्धा आणा! त्या क्षणी त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. पळून जाण्याचा विचार त्यांनी तेथेच सोडला. मन लावून अभ्यास करायचा आणि लवकरात लवकर वडिलांच्या आधारावाचून उभे राहायचे, असा त्यांनी निश्चय केला. त्यांच्या आयुष्याला त्या रात्री नवे वळण लागले.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीतील एक खोली हेच त्यांचे घर होते. स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास सारे त्याच खोलीत चाले. उशाशी जाते आणि पायथ्याशी बांधलेली शेळी, अशा त्या अडचणीच्या जागेत सर्वांना एकाच वेळी पाठ टेकणेही शक्य नसे. भीमराव सायंकाळी लवकर झोपत. मध्यरात्र उलटून दोन वाजेपर्यंत रामजी जागे राहत. मग मुलाला उठवीत आणि त्याने मोकळी केलेल्या जागेवर आपण निजत. काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसत. गोंगाटात आणि गर्दीत राहूनही चित्त एकाग्र कसे करावे, हा धडा त्यांना या खोलीने दिला.

आता वाचन हा त्यांचा ध्यास झाला होता. केवळ क्रमिक पुस्तकांनी त्यांची भूक भागेना. ते वडिलांपाशी नवनव्या पुस्तकांसाठी हट्ट धरीत. रामजींना मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. पण पुस्तकाला त्यांनी कधी नाही म्हटले नाही. हाती पैसा नसला, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत आणि तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. पुढे पैसे आले, की दागिना सोडवून परत करीत. मुलाच्या हाती पडणाऱ्या पुस्तकामागे पित्याची आणि बहिणींची अशी माया उभी होती.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. इतर मुले खेळत असता एकटाच पुस्तकात रमणारा हा मुलगा पाहून त्यांनी त्याची आस्थेने चौकशी केली. ते त्याला आपल्याजवळची पुस्तके वाचावयास देऊ लागले. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे भीमरावांच्या फार उपयोगी पडले.

मुंबईत भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात असत. शाळा नामांकित होती, परंतु तेथेही अस्पृश्यतेने त्यांची पाठ सोडली नाही. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्यापूर्वीच मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. त्यांना संस्कृत शिकण्याची तीव्र इच्छा होती; पण अस्पृश्याला ते शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. त्यांनी फारसीचा अभ्यास मनापासून केला आणि पुढे स्वप्रयत्नाने संस्कृतही आत्मसात केले. अपमान त्यांच्या जिव्हारी लागत. पण अपमानाने खचून पुस्तक मिटावयाचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

१९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आकडा डोळे दिपविणारा नव्हता. परंतु त्यामागील कष्टांचे मोल गुणपत्रिकेत मावणारे नव्हते. त्यांच्या समाजात ही मोठीच नवलाई होती. म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या गौरवाची सभा भरली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिचे बीज या भेटीत होते.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकर त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. भीमराव बी. ए. झाले, पण २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. ज्याने दिवा लावून मुलाला जागे केले, त्या पित्याला मुलाचे परदेशगमन पाहता आले नाही. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथे त्यांना शिवाशिव भेटली नाही. सर्वांबरोबर एका मेजावर जेवता येत होते, कोणत्याही बाकावर बसता येत होते. ग्रंथालयाचे दार तर सदैव उघडे होते. असा मोकळेपणा एकाएकी लाभल्यावर एखादा तरुण सुखासीन झाला असता. भीमरावांनी मात्र परळच्या खोलीतील शिस्त सोडली नाही. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांच्या वर्गांना ते बसले. सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि पुढील वर्षी मे महिन्यात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. साताऱ्याच्या वर्गातील ते वेगळे गोणपाट आणि फळ्यामागून हलविलेले ते डबे यांनी त्यांच्या बालमनात जे प्रश्न उभे केले होते, त्यांची उत्तरे ते आता शास्त्राच्या प्रकाशात शोधत होते. शाळेत सोसलेले दुःख संशोधनाचा विषय झाले.

अमेरिकेतून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. त्यातच महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे ग्रंथ आणणारे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात सापडले आणि अनेक ग्रंथ समुद्रात गेले. तरी ते डगमगले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ पर्यंत त्यांनी बॅरिस्टरची सनद आणि अर्थशास्त्रातील डी. एस्सी. ही पदवी दोन्ही संपादन केल्या.

समुद्राने ग्रंथ गिळले, पण ग्रंथ वाचण्याची सवय त्याला गिळता आली नाही. पहाटे दोन वाजता उठणे, नेमका शब्द शोधणे, बागेतल्या बाकावर पुस्तकात हरवून जाणे आणि अपमानाचे उत्तर विद्येने देणे, हीच त्यांची खरी शिदोरी होती. ती त्यांनी शालेय जीवनातच बांधली होती. २०१७ सालापासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. गोणपाट घेऊन शाळेत निघालेल्या एका लहान मुलाचे ते स्मरण आहे.