खाशाबांचा गुडघा

चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा आलाच. त्यानंतर दोन-चार दिवसांत सुजलेले गुडघे घेऊन तरुण मल्ल दवाखान्यात येऊ लागतात. त्यांनी खाशाबा जाधवांचं आयुष्य जरूर जाणून घ्यावं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा ५२ किलो गटात सहावे आले. मातीत घडलेला हा मल्ल तिथे गादीवर, वेगळ्या नियमांनी लढला होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत ५७ किलो गटात जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाली. नियमाप्रमाणे पुढच्या कुस्तीआधी अर्धा तास विश्रांती हवी होती. ती न मिळताच दमलेल्या शरीरानं त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं. तरीही कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१९५५ मध्ये ते पोलिस उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू होती, पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनं ती संधी हिरावली. तेव्हा एमआरआय नव्हता, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्याकडे आली नव्हती. गुडघा गेला की बहुतेकांची कुस्तीच जायची. खाशाबांनी पुढे पोलिस दलात क्रीडा प्रशिक्षकाचंही काम केलं. सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर लवकरच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आज परिस्थिती वेगळी आहे. डाव टाकताना पाय रोवलेला राहतो आणि अंग वळतं, तेव्हा गुडघ्यातला अस्थिबंध किंवा कूर्चेची गादी फाटू शकते. कट्‌कन आवाज, काही तासांत सूज, चालताना गुडघा निसटणं किंवा अडकणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. अनेकांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम पुरतात. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालीच, तर आखाड्यात परतायला साधारण नऊ महिने तरी द्यावे लागतात. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लांग चढवणं मात्र सर्वांत घातक, कारण वेदना थांबते, फाटलेलं तसंच राहतं आणि आणखी फाटतं.

पोरगं लंगडतंय हे सर्वांत आधी दिसतं वस्तादाला. इनामाची कुस्ती पुढच्या यात्रेतही असते, हे त्यानंच पोराला सांगावं.