कॅथरीन ब्लॉजेट आणि चष्म्यावरचा अदृश्य थर

चष्मा घेताना दुकानदार ‘कोटिंग हवं का?’ असं विचारतो. या थरामागे ज्यांचं संशोधन आहे, त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे कॅथरीन ब्लॉजेट.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९८ रोजी अमेरिकेतल्या स्कनेक्टडी शहरात झाला. वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंटचे वकील होते. कॅथरीनच्या जन्माच्या काही आठवडे आधी, घरात शिरलेल्या चोराच्या गोळीनं त्यांचा जीव गेला. १९१८ मध्ये मुलगी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली, तिथली पहिली स्त्री शास्त्रज्ञ म्हणून. १९२६ मध्ये त्यांनी केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. हा मानही तिथं स्त्रियांमध्ये पहिलाच.

नोबेल विजेते आयर्विंग लँगम्युर यांच्यासोबत त्या पाण्यावर पसरणाऱ्या, एका रेणूइतक्या जाडीच्या तवंगांचा अभ्यास करत. काच पाण्यात बुडवून वर काढली की तवंग तिला चिकटतो, पुन्हा बुडवली की दुसरा थर चढतो. १९३८ मध्ये त्यांनी असे ४४ थर चढवले. एकूण जाडी प्रकाशलहरीच्या एक चतुर्थांश, म्हणजे केसाहून शेकडो पटींनी कमी. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांना मारक ठरले आणि काचेची चकाकी जवळजवळ नाहीशी झाली. साधी काच दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते.

एक अडचण मात्र राहिली. हा थर इतका मऊ होता की बोटानंही पुसला जाई. पुढे इतरांनी निर्वात पेटीत टणक थर चढवण्याची पद्धत रूढ केली. ब्लॉजेट १९७९ मध्ये निवर्तल्या.

आजचा थर टिकाऊ असला, तरी तोही अतिशय पातळच असतो आणि बसलेला असतो प्लास्टिकवर. पदरानं किंवा शर्टाच्या टोकानं कोरडाच चष्मा पुसला, की धुळीचे कण त्यावर ओरखडे काढतात. उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवला तर प्लास्टिक थरापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि थराला बारीक भेगा पडतात. मग दिव्यांभोवती वलयं, धूसरपणा वाढतो. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या ज्येष्ठांना हे धोक्याचं ठरू शकतं. अनेकांना वाटतं, नंबर वाढला.

म्हणून आधी नळाच्या साध्या पाण्यानं धूळ धुवा. भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटांनी हलक्या हातानं लावा, पुन्हा धुवा, मग धुतलेल्या मायक्रोफायबर कापडानं टिपा. गरम पाणी, टूथपेस्ट, अमोनिया असलेला काचेचा फवारा टाळा. भेगा एकदा पडल्या की पुसून जात नाहीत, काच बदलावी लागते. धूसरपणा चष्मा स्वच्छ करूनही राहिला, तर डोळे तपासून घ्या.