जे. सी. कुमारप्पा : वस्तू कुठून आली हे विचारणारा हिशेबतपासनीस



शाळेसाठी खरेदी करायची म्हटली की आपण काय करतो? तीन दुकानांची कोटेशन घेतो, तुलनात्मक तक्ता करतो आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला ऑर्डर देतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही तसंच लिहितो. ऑडिटला अडचण येत नाही. मीसुद्धा इतकी वर्षं हेच करत आले. गंमत म्हणजे, या पद्धतीबद्दल मला पहिल्यांदा विचार करायला लावणारा माणूस स्वतःच एक ऑडिटर होता. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा.

थोर व्यक्तींच्या माहितीत आपण मुलांना नेहमीची दहा-पंधरा नावं सांगतो. त्यात कुमारप्पांचं नाव सहसा नसतं. खरं तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची वर्षं आपल्या वर्ध्यात गेली. आज मोठमोठ्या कंपन्या शाश्वत विकास, जबाबदार खरेदी, पुरवठा साखळी असे शब्द वापरतात. या माणसाने तोच विचार गावातल्या घाण्यापाशी आणि चरख्यापाशी बसून जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी मांडला होता.

जन्म आणि शिक्षण

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचं मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त, शिक्षण आणि इंग्रजी वळण होतं. तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेबतपासणीचं शिक्षण घेतलं, तिथेच काही काळ कामही केलं. आईच्या आग्रहामुळे ते १९१९ मध्ये भारतात परतले आणि मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून काम करू लागले. पुढे त्यांनी भागीदारीत स्वतःची फर्म काढली. सुटाबुटातलं, सुखाचं आयुष्य होतं.

पुढच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले. १९२८ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. नंतर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे असताना एका चर्चमध्ये त्यांनी भारत गरीब का आहे या विषयावर भाषण केलं. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. ती वाचून त्यांच्या प्राध्यापकांनी हाच विषय अभ्यासाला घ्यायला सुचवलं. कुमारप्पा इंग्रज सरकारच्या जमाखर्चाचे आकडे घेऊन बसले. कर कुणाकडून घेतला आणि खर्च कुणासाठी झाला, हे ते पाहत गेले. आपण ज्या साहेबी जगात वाढलो ते जग कुणाच्या पैशावर उभं आहे, हे त्यांना त्या आकड्यांत दिसलं. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे नाव सोडून कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव घेतलं.

साबरमतीची भेट

आपला प्रबंध गांधीजींना दाखवावा म्हणून ते मे १९२९ मध्ये साबरमती आश्रमात गेले. अंगात रेशमी सूट, हातात काठी. वेळेच्या थोडं आधीच पोहोचले. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा माणूस सूत कातत बसला होता. कुमारप्पा उभे राहून बघत राहिले. थोड्या वेळाने त्या माणसाने चौकशी केली, तेव्हा कळलं की हेच गांधीजी. मग कुमारप्पाही आपल्या रेशमी सुटासह त्या सारवलेल्या जमिनीवर बसले. हा प्रसंग मुलांना फार आवडतो.

गांधीजींनी त्यांचा प्रबंध 'यंग इंडिया'त छापला आणि त्यांच्यावर एक काम सोपवलं. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन कुमारप्पा गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरात किती येतं, किती जातं, सारा किती, कर्ज किती, सगळं लिहून काढलं. मुंबईत कंपन्यांच्या वह्या तपासणारा माणूस आता शेतकऱ्याचा जमाखर्च मांडत होता.

पै-पैचा हिशेब

जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब सांभाळायला कुमारप्पांना पाठवलं. गांधीजी आणि त्यांच्यासोबतची मंडळी पाटण्याला आली, तेव्हा त्यांचा खर्च भूकंपग्रस्तांच्या पैशातून करायला कुमारप्पांनी नकार दिला, असं सांगतात. दिलेला पैसा ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, मध्ये कुणीही असो. गांधीजींना हा कडकपणा आवडला असणार, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली.

वर्ध्याची मगनवाडी

संघाचं कार्यालय वर्ध्याला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत सुरू झालं. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी म्हणतात. इथे तेलाचा घाणा, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ, मधमाशीपालन अशा कामांत सुधारणा करण्याचे प्रयोग चालत. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा 'मगनदीप' इथेच तयार झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते आजही वर्ध्यात आहे. सहल नेता आली तर जरूर न्यावी.

कोकोचा डबा

आता मुख्य मुद्दा. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांवर लिहिताना कोकोच्या डब्याचं उदाहरण दिलं आहे. आपण दुकानातून कोको आणतो. आपल्याला फक्त डबा आणि त्याची किंमत दिसते. पण कोकोची बी पश्चिम आफ्रिकेत सक्तीच्या मजुरीवर पिकवलेली असेल, तर? ती ज्या समुद्रमार्गाने आली तो बळाच्या जोरावर ताब्यात ठेवलेला असेल, तर? इंग्लंडच्या कारखान्यात ती तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांनी दळली असेल, आणि आपण गुलाम देश आहोत म्हणून ती सवलतीच्या जकातीत आपल्याकडे आली असेल, तर? मग डबा विकत घेणारा या सगळ्यात थोडा थोडा सामील झाला की नाही? कुमारप्पांचं उत्तर होतं, झाला. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणाऱ्याला आपण निर्दोष म्हणत नाही, तसंच हे.

इतक्या लांबच्या गोष्टी सामान्य माणसाला कशा कळणार? यावरही त्यांनी विचार केला होता. जिथे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही तिथून घेण्यापेक्षा आपल्या व्यवहाराचं वर्तुळ लहान ठेवावं, म्हणजे आपल्या खरेदीचा परिणाम आपल्याला बघता येतो. स्वदेशीचा अर्थ त्यांच्या लेखी हा होता. परक्याचा द्वेष त्यात नव्हता. आपण केलेल्या व्यवहाराची जबाबदारी घेणं होतं.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

ही परीक्षा घरच्यांनाही द्यावी लागली. खादी विकली जावी म्हणून दर कमी ठेवले जात आणि त्यासाठी सूत कातणाऱ्या बाईला फार थोडी मजुरी मिळे. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की तिला पोटभर अन्न मिळेल इतकी मजुरी दिलीच पाहिजे. मजुरी वाढली की खादी महाग होणार आणि गिऱ्हाईक कमी होणार, ही कार्यकर्त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही चरखा संघाने मजुरी वाढवण्याचा ठराव केला. कुमारप्पांच्या लिखाणातला सूरही हाच आहे. बाजारातली किंमत पूर्ण हिशेब सांगत नाही. वस्तू स्वस्त मिळाली तेव्हा उरलेली किंमत दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते. कधी मजूर भरतो, कधी जमीन भरते, कधी जंगल भरतं.

झरा आणि रांजण

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकार भारतातून धान्य, कापड, माल उचलत होतं आणि बदल्यात कागदी चलन वाढवत होतं. १९४२ मध्ये कुमारप्पांनी यावर कडक लेख लिहिला. त्यांना तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' म्हणजे टिकणारी अर्थव्यवस्था हे पुस्तक लिहिलं. प्रकृती ढासळल्याने १९४५ मध्ये सुटका झाली आणि त्याच वर्षी गांधीजींच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक आलं.

त्यात त्यांनी निसर्गातल्या साधनांचे दोन भाग केले. कोळसा, खनिज तेल, लोखंड हे साठे आहेत, काढू तसे संपणारे. लाकूड, शेतमाल, वाहतं पाणी हे प्रवाह आहेत, नीट वापरले तर पुन्हा भरणारे. मी मुलांना रांजण आणि झरा असं सांगते, लगेच कळतं. साठ्यावर उभा राहिलेला व्यवहार शेवटी भांडणाकडे आणि युद्धाकडे जातो, असं त्यांचं म्हणणं.

याच पुस्तकात माणसांच्या व्यवहाराचे पाच प्रकार प्राण्यांच्या उदाहरणांतून येतात. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ, न पेरता बाग लुटणारं माकड, स्वतः घरटं बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी मध गोळा करणारी मधमाशी आणि काही न मागता पिलाला भरवणारी पक्षीण. परिसर अभ्यासाच्या तासाला हे पाच प्रकार फळ्यावर लिहून बघा, मुलं आपणहून उदाहरणं देतात.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांची वाट धरली. कुमारप्पांचं ऐकणारे कमी होत गेले. काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. १९४९ मध्ये समितीचा अहवाल आला, पण त्यातलं बरंच कागदावर राहिलं. स्पष्ट बोलण्यामुळे त्यांचं अनेकांशी पटलं नाही. ते अविवाहित राहिले. शेवटची वर्षं मदुराईजवळच्या कल्लुपट्टीत, आजारपणातही गावच्या कामात गेली. ३० जानेवारी १९६०, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे १९७३ मध्ये शूमाकर यांचं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' जगभर गाजलं. त्यात कुमारप्पांच्या विचारांचा आधार घेतलेला आहे.

आमच्या वर्गात काय झालं

माझी शाळा मराठवाड्यात आहे. दिवाळीनंतर वर्गातली काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांचं तेवढं शिकणं बुडतं.

मी तिसरीच्या वर्गात कोकोच्या डब्याची गोष्ट सांगितली. कोको कुणी पाहिला नव्हता, म्हणून विचारलं, आपल्या घरात अशी लांबून आलेली वस्तू कोणती? मुलांनी मोबाईल, बिस्किटं, चपला अशी नावं घेतली. नुकतीच फडावरून परत आलेली एक मुलगी म्हणाली, मॅडम, साखर. आम्हीच तोडतो ना ऊस. मग तिने सांगितलं की पहाटे अंधारात आई कोयता घेऊन जाते, ती स्वतः धाकट्या भावाला सांभाळते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत घरी येता येत नाही. वर्ग शांत झाला. मधल्या सुट्टीतला माझा चहा मला त्या दिवशी नीट गेला नाही.

मी चहा सोडला नाही. साखरही सोडली नाही. आपल्या पालकांना दहा रुपये जास्त देणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. पण मुलीच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. पुरवठ्याची साखळी म्हणजे दूर कुठेतरी आफ्रिकेत असलेली गोष्ट नाही. तिची एक कडी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसते आणि पाच महिने तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

आपण काय करू शकतो

मुलांसाठी : दप्तरातली एक वस्तू निवडायची. ती कुठल्या दुकानातून आली, दुकानात कुठून आली, कशापासून बनली, कुणाचे हात लागले असतील, हे घरच्यांना विचारून लिहायचं. माहीत नसेल तिथे रिकामी चौकट ठेवायची. किती चौकटी रिकाम्या राहिल्या ते मोजायचं.

शाळेसाठी : तुलनात्मक तक्त्यात दराशेजारी माझ्या वहीत मी आणखी एक रकाना आखलाय. वस्तू कोण बनवतं आणि त्याला काय मिळतं? नियमाप्रमाणे खरेदी दरावरच होते, पण गावातल्या बचत गटाच्या पिशव्या आणि शिलाई, कुंभाराच्या पणत्या अशा लहान खरेदीत आपल्या हातात थोडी मोकळीक असते. ती वापरता येते.

यंदा त्या रकान्यात सातपैकी दोनच नोंदी मला भरता आल्या. बाकीच्या पाच वस्तूंबद्दल दुकानदारालाही सांगता आलं नाही. पुढच्या खरेदीला पुन्हा विचारणार आहे.