पावाच्या घासाची दीक्षा

सोलापूर - ज्वारीच्या कडक भाकरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरातही आता यीस्ट आणून, कणीक मळून आणि ती फुगेपर्यंत झाकून ठेवून घरच्या घरी पाव भाजणारे आहेत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र पाव खाणे म्हणजे जात गमावणे होते. त्याच पावाच्या घासाला दीक्षेचे स्थान देणाऱ्या गुप्त मंडळीचे एक प्रवर्तक होते व्याकरणकार रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्या कथांत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. पावाचा धाक मात्र खरा होता.

त्या धाकाची मुळे पाव करण्याच्या रीतीत होती. पाव हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. यीस्ट मिळत नसल्याने गोव्याचे पोदेर कणकेत माडाची सूर घालीत. सुरेतील सूक्ष्म किण्व पिठातील साखरेवर पोसते, वायू सुटतो आणि कणीक फुगते. पाण्यात भिजवलेले, रात्रभर आंबवलेले, मद्याचा अंश असलेले आणि शिवाय ख्रिस्ती माणसाच्या हातचे, असे हे अन्न होते. सोवळ्याचा एकही नियम त्याने शाबूत ठेवला नव्हता. घरच्या आंबोळीचे पीठही आंबतेच. ते मात्र कधी कोणाला बाटवू शकले नाही!

वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, दादोबांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे ते मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले गेले. सुरतेत शिक्षक असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता यांच्यासमवेत त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईस परतल्यावर १८४९ मध्ये परमहंस मंडळी उभी राहिली. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जात एक, हे तिचे सूत्र. बैठका बंद दाराआड होत. नव्या सभासदाने जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करायची आणि ख्रिस्ती भटारखान्यातील पाव सर्वांदेखत खायचा, असा दंडक होता. तोंडाने घेतलेली प्रतिज्ञा मागे घेता येते. पोटात गेलेला पाव परत काढता येत नाही, हे या मंडळींना पुरते ठाऊक असावे. बाबा पदमनजी हे याच मंडळीतले. १८५४ मध्ये त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

बहुतेकांना मात्र तो उघडपणा झेपणारा नव्हता. घरी परतल्यावर सोवळे, पंगती, मुलामुलींची लग्ने सारे पूर्ववत चाले. समाज तयार झाल्यावरच प्रकट व्हावे, असे धोरण होते. तोवर दादोबा १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले होते. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादीच चोरीला गेली. नावे फुटण्याच्या भयाने सभासद पांगले आणि मंडळी संपली. पाव खाण्याचे धैर्य होते, तो खाल्ला हे सांगण्याचे नव्हते.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी हा धडा घेतलेला दिसतो. त्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने गुप्तता टाकली आणि पावाची अटही. समाजाचे काम पुढे सोलापूर जिल्ह्यातही आले. पंढरपुरात १८७५ मध्ये सुरू झालेल्या अनाथाश्रमात टाकून दिलेली अर्भके आणि निराधार विधवा यांना आसरा मिळाला. त्या अर्भकांची जात कोणाला ठाऊक नसे.

दादोबांचे निधन १७ ऑक्टोबर १८८२ रोजी झाले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. ते परमहंस मंडळीच्या स्थापनेआधीच थांबते. पावाच्या घासापर्यंत ते पोहोचत नाही.