मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच अंगणात नेली

साक्री तालुक्यातल्या कुठल्याही पाड्यावर जा, अंगणवाडी कुठे आहे हे लहान पोरही सांगेल. पण हा शब्द सरकारी फाइलीतून आलेला नाही. तो आला ताराबाई मोडक यांच्या कामातून.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईतला. 1914 मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. बालशिक्षणातल्या तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं.

1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि इथे हे तज्ज्ञपण अपुरं पडलं. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात.

मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पानं आली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं हाही शिकवण्याचा भाग झाला.

1957 मध्ये काम कोसबाडच्या वारली पाड्यांवर गेलं. मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळा सुरू झाली. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत, म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडलं.

लोकांसोबत काम करायचं, त्यातून शिकायचं आणि पद्धत बदलायची, याला आज सहभागी कृती संशोधन म्हणतात. अमेरिकेत कर्ट लेविन यांनी कृती संशोधनावरचा गाजलेला लेख लिहिला 1946 मध्ये, म्हणजे ताराबाई बोर्डीला आल्यानंतर.

यात खरा पेच असतो भूमिकेचा. अभ्यासक नुसता बघत बसला तर लोकांना उपयोग नाही. सगळं स्वतःच केलं तर लोक त्याच्यावर विसंबतात. आणि श्रेय कुणाचं? 1945 पासून अनुताई वाघ ताराबाईंच्या जोडीला होत्या. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री मिळायला 1984 उजाडलं. ज्या बायांनी आपलं अंगण दिलं, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

1973 मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी एकात्मिक बाल विकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

नाव पोहोचलं, पण त्यामागचा प्रश्न अजून तसाच आहे. साक्रीच्या पाड्यांवरून आईबापांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांनी अंगणवाडीत यायचं, की अंगणवाडीने त्यांच्यामागे फडावर जायचं?