गंगाखेडची जनाबाई आणि सर्वांचं वाळवंट

गोदाकाठचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. त्या गंगेच्या दक्षिण काठावरचं गाव म्हणून गंगाखेड. दक्षिण काशी म्हणून लोक इथं अस्थी घेऊन येतात. पण या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते एका मोलकरणीने. संत जनाबाईचा जन्म इथला. आषाढ आला की तिची आठवण होतेच. यंदा ती जरा वेगळ्या अंगानं काढू. नदीचं वाळवंट आणि गावची मोकळी जागा यांच्याशी या बाईचं काय नातं होतं, ते पाहू.

जनाबाईच्या वडिलांचं नाव दमा आणि आईचं करुंड. दोघं विठ्ठलाचे भक्त. आईच्या मागे वडिलांनी या लेकराला पंढरपुरी दामाशेटी शिंप्याच्या घरी ठेवलं, असं परंपरा सांगते. दामाशेटी आणि गोणाई यांचा मुलगा म्हणजे संत नामदेव. त्यांचा जन्म १२७० सालचा. जनी त्यांच्याहून थोडी मोठी. तिने नामदेवाला खेळवलं, वाढवलं आणि पुढे त्यालाच गुरू मानलं. जन्मभर ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेत राहिली.

तिचा दिवस कसा असेल, हे आपल्या खेड्यातल्या आयाबहिणींना सांगायची गरज नाही. कोंबडा आरवायच्या आधी जातं. मग झाडलोट, पाणी, कांडण, धुणं, आणि रानात जाऊन शेण गोळा करणं. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांत ही सगळी कामं आली आहेत. विठोबा तिला दळू लागतो, पाणी भरतो, डोईतल्या उवा काढतो. देवाला तिने कामाला लावलं, कारण दुसरं मदतीला कोणी नव्हतं.

अशा बाईला फुरसत कुठली? ती मिळे रात्री, चंद्रभागेच्या वाळवंटात. तिथं नामदेवाचं कीर्तन रंगायचं. गोरा कुंभार, नरहरी सोनार, चोखामेळा अशी नाना जातींची मंडळी त्या काळात पंढरीत होती. यातल्या चोखोबाला देवळाची पायरी चढायला बंदी होती. ही बंदी पुढे सहाशे वर्षं टिकली. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठे मंदिर सर्वांना खुलं झालं. देवळाला मात्र दार असतं, वाळवंटाला नसतं. म्हणून चोखोबा आणि जनीसारख्यांचं खरं अंगण वाळवंट हेच होतं. लाज बाजूला ठेवून, टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जाईन, असं जनाबाईने एका अभंगात बजावलं आहे. सातशे वर्षांपूर्वी बाईमाणसाने असं बोलणं ही साधी गोष्ट नव्हे.

गोवऱ्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कबीर जनीला भेटायला आले, तर ती दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होती. गोवऱ्या कुणाच्या हे ओळखायचं कसं, असं कबीरांनी विचारलं. ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी, असं जनीने सांगितलं. ही आख्यायिका आहे, पण तिच्यात गावगाड्याची एक खूण आहे. ज्याला शेत नाही, गुरं नाहीत, त्याची चूल गायरानावर चालते. गायरान आटलं की भांडण लागतं ते गरिबा-गरिबांतच.

दुसरी आख्यायिका अशी, की देवाच्या पदकाची चोरी जनीवर आली आणि तिला सुळी द्यायचं ठरलं. ती निष्पाप होती, म्हणून सुळाचं पाणी झालं. चोरीचा आळ आधी मोलकरणीवरच येतो, हे तेव्हाही खरं होतं.

शके १२७२ म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपुरात तिने देह ठेवला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात. आषाढी पौर्णिमेला गोपाळकाला होतो तोही तिथंच, आणि मग वारकरी घराकडे निघतात.

वारीत नुसती भक्ती नसते, खेळही असतो. रिंगण झालं की म्हातारे टोप्या सावरत फुगडी घालतात, सुना-सासवा हुमामा घालतात, तरणी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात. शेगावची पालखी परभणीहून येऊन, गंगा ओलांडून गंगाखेडात शिरते आणि पुढे परळीला जाते. तेव्हा ही मजा आपल्यालाही दिसते. या सगळ्याला मोकळी जागा लागते. ती एकाची नसते, म्हणूनच सगळ्यांची असते.

आता आपल्या काठाकडे पाहा. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं आणि गंगेचं वाहणं माणसाच्या हातात गेलं. तरी उन्हाळ्यात पात्र उघडं पडे. वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या लागत, पोरं हुतुतू खेळत, कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकत. आज त्याच वाळूला सोन्याचा भाव आहे. ठेके निघतात, आणि ठेक्याबाहेरही उपसा होतो. वाळू गेली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. जिथं उपसलं तिथं डोह पडतो. वरून पाणी सारखंच दिसतं आणि पोहायला उतरलेलं लेकरू फसतं.

गावातल्या मोकळ्या जागेचंही तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम २२ प्रमाणे गुरचरण, खळं, बाजार, स्मशान अशा सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं. कायदा आहे, पण त्याची आठवण करून देणारा गावात लागतो.

म्हणून ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा. आपल्या गावची राखीव जमीन सात-बाऱ्यावर किती आणि जागेवर किती? आणि जी उरली आहे तिथं पोरींना खेळायला मिळतं का? मैदान असलं तरी ते पोरांचंच असतं. पोरगी दहा वर्षांची झाली की तिचं खेळणं संपतं आणि पाण्याची घागर सुरू होते.

जनाबाईच्या नावानं आपण देऊळ बांधलं, तिची पुण्यतिथीही पाळतो. ते चांगलंच आहे. पण दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी उघड्यावर चार घटका मोकळं बसता यावं, एवढी जागा तिच्या गावात उरली पाहिजे. नदीकाठ राखला तरच ती उरेल.