विक्रीस निघालेला संघ

१९१४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या बेसबॉल संघाने ९९ सामने जिंकले. १९१५ मध्ये अवघे ४३, आणि १०९ गमावले. या घसरगुंडीचे कारण क्रीडांगणावर नव्हे, हिशेबाच्या वहीत सापडते. संघाचे व्यवस्थापक व भागीदार कॉनी मॅक हे १८६२ मध्ये आयरिश स्थलांतरितांच्या घरी जन्मले. पोरवयात जोड्यांच्या कारखान्यात राबलेल्या या माणसाला पैशाची किंमत शिकवावी लागली नाही.

त्या काळी करारातील एका कलमाने खेळाडू जणू वेठबिगारासारखा एकाच मालकाशी जखडलेला असे. १९१४ मध्ये फेडरल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना अधिक वेतन घेऊन पुढे आली आणि ही मक्तेदारी डळमळली. प्लँक व बेंडर हे गोलंदाज तिकडे गेले. एडी कॉलिन्स या अव्वल खेळाडूला मॅकनी ५० हजार डॉलरला शिकागोस विकले. खेळाडूंच्या लोभाविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पण १९०१ मध्ये खुद्द मॅकनीच शेजारच्या संघातून लाजोईला असेच फोडून आणले होते!

१९१५ अखेर फेडरल लीग बुडाली. मॅकचा संघ मात्र १९२१ पर्यंत सलग सात वर्षे तळाशीच राहिला. १९२९ व १९३० मध्ये त्याने पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. महामंदीत तोही संघ विकला गेला. मॅक स्वतः १९५० पर्यंत पदावर होते. भागीदाराला पराभवासाठी काढणार कोण?